अंथरूण पाहून

वीजबिलाच्या पाठीवर यादी केली.
दोन हजार. त्यात सगळं बसवायचं.
कॅमेरा आहे. गायखेकाकांचा,
सिन्नरकडच्या लग्नांत चौदा वर्षं राबलेला,
बटणाच्या खाचेत हळद अजून तशीच.
"आता मला नवरी आणि करवली सारखीच दिसते,"
म्हणाले, आणि पैसे हप्त्याने घेतले.

एम. जी. रोडला पारखांच्या काचेआड
ट्रायपॉड उभा होता, काळा, सडपातळ,
नांदूरच्या पाणथळीतल्या बगळ्यासारखा
माझ्याकडे ढुंकूनही न बघता.
किंमत विचारायची नव्हती. विचारली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य,
पण याला पायच तीन
आणि माझं अंथरूण म्हणजे
झाशीपर्यंत स्लीपरची वरची बर्थ.
खोडला.

फिल्टर खोडला. बॅग खोडली:
जुन्या स्वेटरच्या बाहीत लेन्स नीट बसते,
मनगटाकडून घालायची, कोपराशी थांबते.

"मोठं कार्ड घ्या, जागाच जागा," पारखशेठ म्हणाले.
काउंटर पुसणारा नौशाद
हातातलं फडकं न थांबवता म्हणाला,
"दोन लहान घ्या ताई.
एक गेलं तरी अर्धा प्रवास उरतो."
शेठनी त्याच्याकडे पाहिलं.

मला भलतंच आठवलं.
आईचे शेवटच्या वर्षातले सगळे फोटो
एका फोनमध्ये होते
आणि तो फोन शालिमारहून निघालेल्या रिक्षात राहिला.
हिरवी रिक्षा होती की काळीपिवळी,
यावरून भाऊ आणि मी अजून भांडतो.

दोन घेतली. नऊशे.

कंपनीची बॅटरी चोवीसशे,
म्हणजे यादीपेक्षाच मोठी.
दुसरी साडेसातशे.
"चालेल का?"
"चालेल. पण कंपनीची ती कंपनीची."
जानेवारीत ओरछ्याच्या छत्र्यांवर गिधाडं
ऊन येईपर्यंत पंख मिटून बसतात म्हणे.
मीही बसेन. थंडीत बॅटरी मान टाकते,
तेव्हा तिला स्वेटरच्या आत, पोटाशी,
खुडूक कोंबडीसारखी उबवत.

भद्रकालीतल्या मेडिकलमधून
बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा घेतला,
लेन्सवरची धूळ उडवायला. सत्तर रुपये.
"किती महिन्यांचं बाळ?"
"चौदा वर्षांचं."
त्याने गुपचूप पिशवीत घालून दिला.

पट्टा एकशेऐंशी. यावर तडजोड नाही.
गळ्यातून सुटून दगडावर पडला
तर गायखेकाकांना काय तोंड दाखवू.

बाकी लॅबमधून.
दिवसभर मी लोकांचं रक्त बघते, सूक्ष्मदर्शकातून,
तिथलं काच पुसायचं मऊ कापड कसं धरायचं
हे माझ्या बोटांना पाठ आहे.
तपासणीच्या डब्यांतून निघणाऱ्या
ओल शोषणाऱ्या पुड्या कचऱ्यात जायच्या,
अकरा महिने साठवल्या.
मॅडमनी विचारलं, लोणच्याला का?
हो म्हटलं.

उरले शंभर.
मिसळ खाल्ली, तर्री जास्त, पाव एकच.
समोर बिल पसरलं होतं,
त्यावर रश्श्याचा थेंब पडला
नेमका "ट्रायपॉड" या शब्दावर.

रात्री वहिनीच्या मशीनवर
भावाच्या जीनचा एक पाय कापून थैली शिवली.
दोन्ही तोंडं बंद, एका बाजूला चेन.
भिंतीच्या कठड्यावर ठेवायची,
वर कॅमेरा टेकवायचा, श्वास धरायचा.
आत वाळू भरतात, कुणी राजमा.
मी रिकामीच नेणार,
इथून वजन कशाला वाहायचं.
तिथल्या बाजारात काय स्वस्त असेल ते.

भाऊ म्हणाला, फुटाणे भर.
चेष्टेनेच म्हणाला,
पण मी बिलावर लिहून ठेवलंय.

फुटाणे, अर्धा किलो.
गिधाडं झाली की परतीच्या गाडीत खाता येतील.
भूक लागलीच,
तर मनमाड येईपर्यंत
माझा ट्रायपॉड संपलेला असेल.