दहा सेकंद मागे

घरी तेलुगू आहे ते बरं.
"वच्चिनवा?" आई विचारते,
विड्यांच्या सुपावरून मान न उचलता.
त्यात आलास नसतं, आलीस नसतं,
नुसतं येणं असतं, चपला काढणं, माठातलं पाणी.
मराठी दाराबाहेर सुरू होते,
अशोक चौकात, रिक्षा ठरवताना.
तिथे वाक्याच्या शेपटीला गाठ मारावीच लागते.
गाठीच्या आधीच वाक्य तोडायची मला सवय आहे.
हेही त्याच सवयीने.

काम जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं.
भोक असेल तिथे सुई आत जाते, नसेल तिथे थांबते,
एवढ्यावर चादरीत मोर उभा राहतो.
शेठ गिऱ्हाइकाला सांगतात, दोन्हीकडून वापरा,
इकडून लाल मोर, तिकडून पांढरा.
माझ्यासाठी उपमा शोधणाऱ्याला ही चादर लगेच सापडेल.
नको.
मला दोन बाजू नाहीत.
एक पाठ आहे, मे महिन्यात ती घामोळ्यांनी भरते.

गड्ड्याच्या जत्रेत एका तंबूवर पाटी होती,
अर्ध्या चेहऱ्याला मिशी, अर्ध्याला कुंकू.
मामाने तिकीट काढू दिलं नाही.
तंबूमागे तोच माणूस
अर्धी मिशी बाजूला ठेवून भजी खात होता.

मग थिएटर. नववीची परीक्षा संपलेली.
नायकाच्या मित्राचं लग्न, पहिली रात्र,
तो किंचाळत खोलीबाहेर येतो.
एवढंच. नवरी पुन्हा दिसत नाही,
तिला एक संवादही नव्हता.
सगळं थिएटर हसलं.
सगळ्यात मोठं हसू माझं,
शेजारच्या अंबादास यमुलला ऐकू जाईल इतकं.

आईच्या साडेआठच्या मालिकेत
ते खलनायिकेचं गुपित निघालं.
डॉक्टरांनी चष्मा काढला.
सासूचा चेहरा तीन बाजूंनी,
तीनदा पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज.
आईच्या हातातला विडीचा दोरा तुटला.
तिने चॅनल बदललं नाही. दुसरा दोरा घेतला.
दुसऱ्या दिवशी कारखान्यात हजाराला एक कमी भरली.

सहाव्या वर्षी मला सिव्हिलमध्ये नेलं होतं.
हर्निया, असं सांगितलं.
तो शब्द कुठेही निघाला
की आई अजून पदर सारखा करते.

पोलिसी मालिकेत तर थेट टेबलावर,
पांढऱ्या कापडाखाली.
"साहेब, केस वेगळीच आहे."
आणि लगेच साबणाची जाहिरात.
मेल्यावर कळलेलं माणूस.
भाकरी कडक आवडायची की मऊ,
शेंगाचटणीवर तेल घ्यायचं की दही,
कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

आणि गेल्या उन्हाळ्यात, रात्रपाळीनंतर,
मोबाइलवर एक परदेशी मालिका.
बर्फाचं गाव. बेकरी.
पीठ मळता मळता कुणीतरी मैत्रिणीला सांगतं,
गॅसवर दूध आहे म्हणावं तसं.
खाली मराठी अक्षरं:
मी आंतरलिंगी आहे.
दोन सेकंद.
पुढचं वाक्य: लोणी संपलंय.

दहा सेकंद मागे.
दहा सेकंद मागे.
अकरा वेळा.
बत्तीस वर्षांच्या अंगाला पहिल्यांदा नाव,
आणि नावाला लागून लोणी.
ना कुणी किंचाळलं, ना पत्र्यावर दगड.
मैत्रीण नुसती फडताळाकडे वळली.

आई पाठीमागे, त्याच सतरंजीवर.
जागी आहे हे मला माहीत नव्हतं.
मराठी ती अक्षराला अक्षर जोडून वाचते,
अकरा वेळांत तिचंही वाचून झालं असणार.
पंखा घरघरत होता.
"शेवटपर्यंत आहे का?" तिने विचारलं, आमच्या भाषेत.
अजून चार भाग बाकी होते.
"माहीत नाही."

ती उठून बसली.
उशाखालचा चष्मा चाचपडला, पदराने पुसला.
"लाव पुढचा.
अक्षरं जरा मोठी होतात का बघ."