कोपरं

जेवताना टेबलावर कोपर टेकलं
की आई काट्याची मूठ मारायची.
बोलायची नाही. एकदाच, नेमकी हाडावर.
पुढे सत्तेचाळीस वर्षं
माझी कोपरं हवेतच जेवली.

आणि आता हिल्के म्हणतो, टेकव.
सगळी तू टेक त्यांच्यावर.

हिल्के उर्कचा. बाप मासेमारीची जाळी शिवायचा,
हा सायकली जुळवतो, तितक्याच कमी शब्दांत.
कांद्याच्या शेडमध्ये ट्रेनरवर चढवलं त्यानं मला,
हँडलवर दोन गाद्या, पुढे दोन नळ्या,
गोगलगायीच्या शिंगांसारख्या.
मी ओणवी झाले. दहा मिनिटांत मान गेली,
बाराव्या मिनिटाला खांदे कानांना भेटायला आले.
श्वास घे, तो म्हणाला. पोटात घे, खांद्यांत नको.
कांद्याच्या वासात मी श्वास घेतला.

समुद्रबांधावर मात्र वेगळं.
डाव्या हाताला पाणी,
उजव्या हाताला पाण्याहून चार मीटर खाली
व्हॅन डर वालचे बटाटे,
आणि ब्रेक कुठल्याच हाताला नाहीत.
ब्रेक तिकडे, रुंद हँडलच्या टोकांना,
आणि मी इथे, हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागलेली.
पवनचक्क्या मोजत जायचं ठरवलं.
पहिल्या दिवशी एक. तीही पुरती नाही.
पात्याची सावली रस्त्यावरून सरकत आली,
मी दचकले,
झटकन बसले ताठ, आईच्या टेबलावर बसावं तशी.

मग आठवडे.
नळ्या इतक्या आवळून धरायचे
की करंगळ्या बधिर.
पक्षी धरल्यासारखं धर, कुणीतरी सांगितलं.
मी आयुष्यात पक्षी धरलेला नाही.
शेवटी अंडी आठवली, टर्फलं मऊ असलेली,
कोंबड्यांना चुना कमी पडला होता त्या वर्षीची.
तशी धरली. सायकल शांत झाली.

गाद्या अर्धा इंच वर घ्या, मी म्हटलं नव्हतं,
हिल्केनंच पान्याला हात घातला.
वर घेतल्या तर वारा जास्त लागेल ना?
लागेल, तो म्हणाला.
आणि दर दोन मिनिटांनी कण्हत उठून बसतेस
तेव्हा काय वारा डोळे मिटतो?
खोगीर थोडं पुढे. नाक किंचित खाली.
शरमेच्या जागी दुखायचं तेही थांबलं,
त्याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आमच्याकडे कामात अंग चोरणाऱ्याला
कुणी दुसऱ्या हंगामात बोलावत नाही.
इथे अंग चोरणं हेच काम.
गुडघे आत, हनुवटी खाली,
वाऱ्याच्या हिशेबात आपण जितक्या कमी तितकं बरं.
वारा काही उदार झाला नाही.
लेमरकडून येताना तो आडवाच येतो,
दोन चक्क्यांमधल्या फटीतून खांदा मारतो.
मी फक्त त्याच्याशी भांडायचं सोडलं.
कोपरांवर थोडी जास्त रेलले,
सायकल हातभर हलली, परत आली,
माझं कुत्रं येतं तशी, स्वतःहून.

एका मंगळवारी मोजायचं विसरले.
कधी? ठाऊक नाही.
नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती हे आठवतं,
आणि ती खाजवायला हात उचलला नाही,
भीतीनं नव्हे,
इतकी बरी बसले होते म्हणून.
पाण्याच्या बाजूला एक बगळा, मानेचं वेटोळं करून,
तोही त्याच्या कामात.
समोर पाहिलं तर उर्कचं दीपगृह.

रविवारी आईकडे गेले, वृद्धाश्रमात.
वाटाण्याचं सूप. ती दोन्ही कोपरं टेकवून
वाडग्यावर वाकलेली,
हनुवटी खाली, खांदे सैल,
हिल्केनं पाहिलं असतं तर मान डोलावली असती.
मी बाही वर केली.
कोपराखाली दोन काळपट घट्टे.
तिनं बोट फिरवलं, सावकाश,
मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं:
टेबलावर टेकवलीस ना?
नाही गं. रस्त्यावर.

तिनं चमचा डाव्या हातात घेतला.
उजव्या हाताला काटा होताच.