सांगोवांगी

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला
ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
हीटर खोकत असतो
आणि मी लोकांच्या तोंडचे शब्द काढून घेत असते.
आधी अवतरणचिन्हं उपटायची, माशाचे काटे उपटावेत तशी.
(हे उदाहरण इथे फोड करून सांगावं लागत नाही,
निम्मा वर्ग मासळीच्या कारखान्यातून थेट येतो,
हात तीनदा धुऊन.)
मग 'इज'चं 'वॉज'.
'विल'चं 'वुड'.
'इथे'चं 'तिथे', 'आज'चं 'त्या दिवशी'.
'मी' असतो त्याचा 'तो' होतो,
आणि वाक्य भिंतीकडे तोंड करून बसतं.

रेबवार विचारतो, 'प्लीज'चं काय करायचं?
ते गळतं, मी सांगते.
तो वहीत लिहून घेतो: प्लीज गळतं.
म्हणतो, मॅडम, आमच्या कारखान्यात ते गळूनच येतं.

दाइवाच्या वाट्याला सुपरवायझर आला:
"कुणाचीही नोकरी जात नाहीये."
तिने नेटकं बदललं.
नोकरी जात नव्हती, असं तो म्हणाला.
मग स्वतःच वाक्याकडे पाहत राहिली.
व्याकरणाला बातमी आधी लागलेली दिसते, म्हणाली,
आणि मागच्या बाकावर कुणी हसलं नाही.

लेतेब्रहानचा गृहपाठ पुस्तकातला नसतो.
ती वृद्धाश्रमात रात्रपाळी करते,
आणि कोण काय म्हणालं
ते पहाटे सहाच्या आत नोंदवहीत उतरावं लागतं.
तिच्या काळांवर वरच्यांनी बोट ठेवलं,
म्हणून ती इथे. झोप बाजूला सारून.

"खोली नऊ. मिस्टर स्टबली म्हणाले,
त्यांची आई उद्या येणार आहे."

स्टबली ब्याण्णव वर्षांचे.
मी लाल पेन उघडलं.
'विल'वर काट, वर 'वुड'.
'उद्या'वर काट, वर 'दुसऱ्या दिवशी'.

कोणत्या दुसऱ्या दिवशी? तिने विचारलं.
दुसऱ्या दिवशीही ते हेच म्हणाले.
त्याच्या दुसऱ्या दिवशीही.
तुमच्यासारखं लिहिलं होतं मी एकदा.
दिवसपाळीच्या बाईने वाचलं, येणार होती,
म्हणजे आली नाही, विषय मिटला.
तिने खुर्ची उचलून ठेवली.
दोन दिवस ते जेवले नाहीत.

कसली खुर्ची?

खिडकीजवळची, आईसाठी.

मग जरा थांबून म्हणाली,
आमच्या तिग्रिन्यात असं नसतं.
माणूस म्हणतो, येतो.
आम्ही पुढे सांगतो, 'येतो' म्हणाला.
त्याचं तोंड त्याच्याजवळच राहतं.

एकतीस वर्षं शिकवतेय मी हा धडा.
त्याच्या शेवटी बारीक अक्षरात एक सूट आहे:
जे अजून खरं आहे, त्याचा काळ बदलू नये.
उदाहरणं दोनच, तीही ठरलेली.
शिक्षक म्हणाले, पृथ्वी गोल आहे.
शिक्षक म्हणाले, सूर्य पूर्वेला उगवतो.
वेळ संपत आलेली असते,
ती ओळ मी बहुतेकदा घाईत उरकते.

त्या दिवशी फळा पुसला, सावकाश वाचून दाखवली,
आणि दोन वाक्यांखाली तिसरं लिहिलं,
खोली नऊचं.
रेबवारने ते उतरवून घेतलं, काही न विचारता.
दाइवा म्हणाली, परीक्षेत याला मार्क मिळतील?
नाही, मी म्हणाले.

लेतेब्रहानच्या वहीतल्या माझ्या काटा
खोडरबराने जाईनात, शाईच ती.
कागद फाटायला आला तेव्हा थांबले.
समासात एवढंच लिहिलं:
खुर्चीचाही उल्लेख कर.