किमान जाडी

उद्यमबागेत सव्वादोनची वेळ,
गाडी जॅकवर, पुढचं चाक भिंतीला टेकलेलं,
आणि डिस्कवरून मी नख फिरवतोय:
अडकतं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं.

तीन आठवडे चोर्ला उतरताना
पेडल पायाखाली थरथरत होतं.
कणकुंबी मागे पडली की मागच्या सीटवरून
हलशीच्या कोंडुसकर मावशी,
मांडीवर बांबोळीच्या दवाखान्याची फाईल:
‘रस्ता खराब हाय काय रे? गाडी कापूलालीय.’
होय मावशी, म्हटलं.
रस्ता नवाकोरा होता.

ईरण्णा तिगडीनं डिस्क बोटात अडकवली,
पान्यानं हळूच टिचकी दिली.
ठण्ण.
लेथचा घरघराट ओलांडून तो आवाज
शेजारच्या फौंड्रीच्या पत्र्यापर्यंत गेला.
‘तडा न्हाई. नाद बेस हाय,’ तो म्हणाला,
‘अंग किती उरलंय ते बघू.’

मायक्रोमीटर त्यानं शर्टाला पुसला.
नवी असताना बावीस.
कडेला ओतीव अक्षरात, गंजाखाली: किमान वीस.
आत्ता वीस पूर्णांक पाच.
चरे घालवायचे तर दोन्हीकडून पाव पाव.

‘म्हंजे बरोबर वीस,’ मी म्हटलं,
‘बसतंय की रेषेवर.’
‘बसतंय.’
‘रेषेवर माणसं राहत्यात की. आपून न्हाई राहिलो?’
तो हसला, पण लेथ सुरू केला नाही.
‘वीस ही टाकायची जाडी, मालक.
तिथनं सुरुवात करायची न्हवं.
घासून देतो, सहाशे घेतो, चकचकीत दिसंल.
पहिल्याच उतारात एकोणीस नऊ.
अष्टे.’

नवी जोडी अडतीसशे.
मी चहा मागवला, म्हणजे वेळ मागवला.
चार खेपा. किंवा तीन आणि थोडी उधारी.
पेन्सिलीनं हिशेब सिगारेटच्या पाकिटावर,
खोडला, पुन्हा तोच आला.
मग ते वळण आठवलं, जिथं दरीकडचा कठडा
दोन पावसाळ्यांपासून नाही,
आणि मावशी नेमक्या तिथंच
फाईल छातीशी धरतात.
त्यांना कुणी सांगितलंय कोण जाणे.

‘नवीन घाल.’
‘पॅडपण बदलावे लागतील.’
‘घाल रे बाबा.’

जुन्या दोन्ही त्यानं भंगाराच्या पिंपाकडे नेल्या.
एक मी मागून घेतली. का, विचारलं नाही त्यानं.

आता ती आमच्या गावच्या शाळेत
सागाच्या फांदीला तारेनं लटकते.
शिपाई यल्लू तिला लोखंडी कांबीनं मारतो,
साडेदहाला, आणि मधल्या सुट्टीला,
आणि कधी कधी उगाच.

मी त्या वेळी रस्त्यावर असलो
तर ठण्ण ऐकताच
उजवा पाय आपोआप
दबतो.
गाडी जागच्या जागी उभी राहते,
शाळेच्या कुंपणाबाहेर,
पोरं अजून दारातसुद्धा आलेली नसताना.