कूप नंबर अकरा

लकडगंजात आमचं घर आरामशीनच्या मागे.
डोळे मिटूनही कळायचं काय कापतायत:
ऐन असला की पातं किंचाळायचं,
बिज्याचा भुसा बादलीत पडला
की पाण्यावर निळी झाक यायची.
बाबा ओंडक्यांवर खडूने घनफूट लिहायचे.
एखादा आतून पोकळ निघाला की फुली.
फुलीवाले फोडून बंबात.
त्या पाण्याने आम्ही चौघी बहिणी न्हालो,
केस शिकेकाईचे, वास धुराचा.

आता मी टेप घेऊन देवलापारच्या पुढे हिंडते.
छातीच्या उंचीवर घेर मोजायचा
म्हणजे प्रत्येक झाडाला कवेत घ्यावंच लागतं.
जुन्या रजिस्टरात सापडलं:
कूप नंबर अकरा, सन अठ्ठ्याहत्तर, सरसकट तोड.
(मी तेव्हा तीन वर्षांची.)
शेजारचा बारा, निवडक तोड,
"रोगट, वाकडी व पोकळ झाडे प्रथम काढावीत."
त्यापलीकडे पेनठाणा. तिथे कुऱ्हाड गेलीच नाही.

अकरा भरून आलंय.
सॅटेलाइटवर तर गच्च हिरवं.
सेमिनरी हिल्सच्या ऑफिसात हेक्टरी टनांची बेरीज केली,
बाराच्या बरोबरीला आलं जवळजवळ.
साहेब म्हणाले, वा.

पण फगनू कुमरे आकडे बघत नाहीत,
मध्येच थांबतात, कान देतात.
अकरात साग, साग, लेंडिया, साग,
खाली रायमुनियाची जाळी,
आणि आमच्याच बुटांखाली चुरणारी पानं.
"बाराव्यात सुतार तरी ठोकते," ते म्हणाले.

पेनठाण्यात चपला काढून शिरलो.
एका म्हाताऱ्या मोहाच्या खोडात
चिखलाने लिंपलेली फट, बोटभर.
फटीतून चोच.
धनेशाची मादी आत स्वतःला कोंडून बसलेली,
नर घशातून एकेक उंबर काढून भरवत होता.
एक, दोन, सात.
मी टेप उलगडायची विसरले.

कुमरे म्हणाले, "हे लिहा ना बाई."

फॉर्म पाहिला. जात. घेर. उंची.
ढोलीची दखल एकाच ठिकाणी:
वजनातून वजा.

ही ढोली व्हायला
मोहाला शंभर वर्षं तरी सडावं लागलं असेल,
हळूहळू, आतल्या आत, उभ्यानेच.
अकरामधला साग पंचेचाळीस वर्षांचा आहे,
सरळ, भरीव, निरोगी.

शेऱ्याच्या रकान्यात अर्धा इंच जागा होती.
तिथे मी बाबांची फुली काढली.

साहेब विचारतील, हे काय?
पोकळ आहे, सांगेन.