तेरा पावलं

उद्यमबागच्या फाउंड्रीत ठिणगी उडाली
तेव्हा मी तिसरीत होते.
भरमाण्णाचा डावा डोळा गेला, असं गल्लीत म्हणाले.
घरी कुणी काही म्हणालं नाही.
फक्त चहा कपाच्या बाहेर पडायला लागला.

एका बोटाचा फरक.
किटलीची चोच आणि कपाचा काठ
अप्पाला एकाच कागदावर काढल्यासारखे दिसत,
पुढे कोण, मागे कोण, कळत नसे.
आई बशी मोठी घ्यायला लागली.
पुढे सांडणं थांबलं,
कधी, ते कुणी पाहिलं नाही.

पिरनवाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये
निवृत्त हवालदार इराप्पा मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले,
हात लांब कर, पंजे जुळव,
मध्ये तिकोनी फट ठेव, त्यातून तो खांब बघ.
आता एक डोळा मीट. आता दुसरा.
उजव्यानं बघितलं तर खांब फटीतून निसटला,
डाव्यानं बघितलं तर जागच्या जागी.
"एडगण्णु," मास्तर हसले.
"तुझा मालक डावा आहे गं, आणि खांदा उजवा.
भांडण लागणार."

लागलंच.
दोन महिने माझे छर्रे
कागदाच्या डाव्या अंगाला जाऊन बसत,
बोलावल्यासारखे.
मग मास्तरांनी दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा कापून
चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटवला.
मिटायचा नाही, म्हणाले.
एक मिटलास तर दुसराही आखडतो,
पापणी थरथरते, नळी थरथरते.
उघडा ठेव, उजेड येऊ दे त्यात,
नुसतं बघू देऊ नकोस.
उसिरु हिडी.
मी श्वास धरला.
बिडु.

दहा मीटर. काळं वर्तुळ.
मधला ठिपका खसखशीहून बारीक.
तिथे खोली लागत नाही. कागद पुढे येत नाही,
मागे सरत नाही, उडत नाही.
उडत्या चकत्या फोडणाऱ्यांना दोन्ही डोळे हवेत,
मास्तर सांगत, ते गणित वेगळं.
आपल्याला एक पुरतो.

एक पुरतो.
हे वाक्य घेऊन मी वडगावपर्यंत सायकल मारली,
यंत्रमागांच्या खटखटीतून,
दुकानांच्या पाट्यांखालून,
वरची अक्षरं गोल, खालची रेघेला टांगलेली.
अप्पाला सांगितलं तर म्हणाला,
"मग मलाच घ्यायचं होतं की तुझ्या मास्तरानं.
मला मिटायचेही कष्ट नाहीत."

त्या रात्री सगळे झोपल्यावर
तो चष्मा लावून मी चहा ओतून बघितला.
थोडा सांडला. फार नाही.
पण हात घाबरला.

"काय करूलालीस?"
"काही नाही."
अप्पा मागे उभा. ओल्या ओट्याकडे बघितलं,
माझ्या चष्म्याकडे बघितलं.
"काठाला टेकव," म्हणाला,
"चोच काठाला लागू दे. टिंग वाजली की ओत.
डोळ्याला विचारत बसू नको."

नऊ वर्षं ती टिंग मी रोज सकाळी ऐकत होते
आणि मला वाटायचं,
अप्पा भांडी आपटतो.

चिकोडीच्या स्पर्धेत मी सहावी आले.
घरी आल्यावर त्यानं नंबर विचारला नाही.
"दहा मीटर म्हणजे किती गं?"
आपल्या दारापासून नळापर्यंत, म्हटलं.

तो उंबऱ्यात उभा राहून बघत राहिला,
मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे,
कोंबडी दाणा बघते तशी.
मग चप्पल न घालताच निघाला, ओठांत मोजत.
तेरा पावलं.
नळाला हात लावला, वळला,
आणि तिथून म्हणाला,
"लांब आहे की."