सतरावं पान

तिसरा हिवाळा.
दारापासून टपालाच्या पेटीपर्यंत एकशे चाळीस पावलं,
मध्ये एक लोखंडी कठडा. तिथं उभी राहून मी
क्रिस्तियानसुंदचं बंदर बघते,
असं शेजाऱ्यांना वाटतं.

ऑडवार हल्ली जिन्यावर पुढे जात नाही.
वाकतो, नाडी सुटल्याचं सोंग करतो.
त्या बुटांना नाडीच नाही.

मी नव्हते त्या दिवसांची एक वही आहे,
नर्सांनी लिहिलेली, माझ्या उशाशी बसून.
"आज तुम्हाला पालथं झोपवलं, सोळा तास.
बाहेर बर्फ. बहिणीनं लोकरीचे मोजे आणले."
"आज नळी हलली तशी तुम्ही भुवई चढवलीत.
आम्ही हसलो."

मला आठवतं ते वेगळंच.
गलबताच्या तळाशी, खारवलेल्या कॉडच्या चळतीत
मलाही रचलं होतं, पोट खाली करून,
आणि कुणीतरी सारखं मोजत होतं.
वीस वर्षं मासळीच्या वखारीत काढली मी.
मापात बसत नाही तो मासा कुठं जातो
हे मला माहीत होतं.

डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं सत्तर टक्के.
उरलेले तीस कुठं ठेवले
हे विचारायचं दरवेळी राहून जातं.
नखांवर आडवी रेघ उमटली होती,
वाढत वाढत कात्रीपर्यंत आली, कापून टाकली.
जिवावरचं बोटावर निभावलं म्हणतात.
डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत.

वहीत सतरावं पान कोरं.
सोळा आहे, अठरा आहे.
वाचताना मी दोन पानं एकदम उलटायची.

परवा दुकानात, बटाट्यांपाशी, रांगफ्रिद.
चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता तिचा.
ती मुलाला म्हणाली, "चल, एक, दोन, तीन,"
आणि माझ्या हातातली पिशवी खाली आली.
मला पालथं करताना मोजायचा तो हाच आवाज.

विचारलं.
ती बराच वेळ पिशवीला गाठ मारत राहिली.
"त्या रात्री कुणाचाच हात रिकामा नव्हता,
पेन धरण्यापुरतासुद्धा."
मग म्हणाली, "तुमचे केस छान आलेत."

चढावर दोनदा थांबले.
ऑडवार आपल्या नाडीशी वाकला.
दमानं घे, मी म्हटलं, मला घाई नाही.

सतराव्या पानात दुकानाची पावती ठेवली आहे.
बटाटे, दोन किलो.
शेवटच्या वळणापासून त्यानं उचलले.